घाम वाळेपर्यंत

मामा आता तिथे नाहीत, भिंतीवर आहेत.

दारातून आत गेलं की उजव्या हाताला, पूर्वी जिथे पाण्याचा माठ असायचा त्याच्या वर, त्यांचं माणसाहून मोठं चित्र रंगवलेलं आहे. चित्रात मामांच्या डोक्यावर फेटा आहे. मी मामांना पस्तीस वर्षं पाहत आलो. त्यांच्या डोक्यावर खांद्यावरच्या नॅपकिनखेरीज काही पाहिलेलं नाही, आणि तोही एप्रिल-मे महिन्यातच. चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘घाम वाळू दे’. अक्षरं देवनागरी आहेत, पण ती लिहिणाऱ्याने देवनागरी लांबून कुठे तरी पाहिली असावी. त्याखाली बारीक टायपात दीडशे शब्दांचा मजकूर आहे. तो मी लिहिला आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही, आणि माझा सगळा संताप नेमका तिथून सुरू होतो.

मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, गुलटेकडीच्या चढावर, ही जागा म्हणजे एक साधी परमिट रूम होती. मी पर्वतीच्या पायथ्याच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. शाळा सकाळची, सुटायची सव्वाबाराला. राहायला नारायण पेठेत. पेठेत बिअर मिळत नव्हती असं नाही. पण पेठेत माझ्या विद्यार्थ्यांचे पालक राहत होते, आणि शिक्षकाच्या वर्तनावर शेरा लिहायची संधी पालकांना फार क्वचित मिळते. ती त्यांना देऊ नये म्हणून मी घराच्या उलट्या दिशेला चालत जायचो. प्रकृतीच्या कारणास्तव मद्य घेण्याचा सरकारी परवाना माझ्या खिशात असे. प्रकृती ठणठणीत होती. परवाना कुणी कधी विचारला नाही.

यार्डाचा दिवस पहाटे सुरू होतो. गाड्या लागतात, पोती उतरतात, लिलाव होतात, आणि अकराच्या सुमाराला माणूस आपलं दिवसाचं काम उरकून मोकळा होतो. बाकीचं पुणं वरण-भाताकडे वळतं तेव्हा यार्डात संध्याकाळ झालेली असते. त्या संध्याकाळी, म्हणजे भर दुपारी, हमाल, तोलार, टेम्पोवाले या परमिट रूममध्ये येत. ट्यूबलाइट, फाटलेल्या रेक्झिनची बाकं, उकडलेले शेंगदाणे, काकडीच्या फोडी. या जागेबद्दल कुणाला काही विशेष वाटावं असं त्यात काही नव्हतं, आणि कुणाला काही वाटतही नव्हतं. ती फार सुखाची गोष्ट होती.

विशेष एवढंच होतं की मामा, म्हणजे तिथले वेटर, घामेजलेल्या माणसाला बिअर देत नसत.

दाराशी माठ होता, माठाशेजारी एक लाकडी बाक आणि बाकावर गुळाच्या खड्यांची परात. पोती वाहून आलेला माणूस आत शिरला की मामा त्याच्या मानेला हाताची मागची बाजू लावून बघत आणि म्हणत, “वाळू दे.” म्हणजे त्या बाकावर बसायचं, दोन पेले पाणी प्यायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि अंगावरचा घाम सुकेपर्यंत थांबायचं. तापल्या अंगाने थंड बिअर घेतली की पोटात पेटके येतात, असं त्यांचं म्हणणं. वैद्यकात याला काय आधार आहे मला माहीत नाही. मामांनाही माहीत नव्हतं. पण सहा फुटी माणसं गुपचूप बसायची.

“मामा, घसा वाळलाय ओ.”

“मग अंग बी वाळू दे की. दोन्ही सारखं झालं की देतो.”

वाळलं की तोच हात ते फ्रिजमधल्या बाटल्यांवरून फिरवत. फार गार नको, अगदी कोमट नको, या माणसाला आज कुठली चालेल हे हाताच्या मागच्या बाजूने ठरवत. एका आडत्याने एकदा रुबाब केला, “मी कोण आहे माहितीय का?” मामा म्हणाले, “म्हाईत हाय. ओला हाय तुमी. बसा.” आडत्या बसला.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हा प्रकार बघून आपणहून बाकावर जाऊन बसलो. मामांनी माझ्या मानेला हातही लावला नाही. नुसतं बघितलं.

“तुमी काय करता?”

“शिक्षक आहे.”

“मग तुमी हितं कशाला बसलाय? आत बसा, मास्तर. तुमी काय उचललंय?”

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं. त्यानंतर मी शाळेतून यार्डापर्यंत मुद्दाम उन्हाच्या बाजूने, भराभर चालत जायचो. उपयोग झाला नाही. पस्तीस वर्षांत त्या बाकावर बसायची पाळी मामांनी माझ्यावर आणली नाही. बाटली लगेच यायची. इतर लोक याला मान समजले असते.

आमच्या टेबलावर आणखी एक गृहस्थ असत. यार्डातले तराजू दुरुस्त करून देण्याचा त्यांच्या घराण्याचा धंदा होता, तीन पिढ्यांचा. त्यांना सगळे भाई म्हणत. भाई दारूला शिवत नसत. लिंबू सोडा आणि ऑम्लेट घेत आणि माझ्या प्रत्येक विधानात किती वजन कमी भरतंय ते सांगत. पुण्यात त्यांच्या घराला माझ्या घरापेक्षा शंभर वर्षं जास्त झाली होती, हे ते मला दर महिन्याला एकदा ऐकवत.

मामांचा जन्म पानशेतच्या पुरातला. ही गोष्ट त्यांनी आम्हा दोघांना इतक्या वेळा सांगितली होती की मला ती माझ्याच घरातली वाटायची. त्यांचं गाव दिवे घाटाच्या पलीकडे. बाप पुण्यात नदीकाठच्या एका वखारीत हमालीला. धरण फुटल्याची बातमी गावात पोचली. वखार वाहून गेली हेही पोचलं. बाप काही पोचला नाही. चौथ्या दिवशी घरात रडारड चालू असताना आईला कळा सुरू झाल्या आणि मामा जन्मले. दुसऱ्या दिवशी सकाळी, डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेला बाप घाट चालून येऊन दारात उभा राहिला. आजी भूत समजून ओरडली. बापाने आधी पाणी मागितलं. आई आतून म्हणाली, “वाळू दे आधी अंगावरचं, मग द्या.” ती नुकतीच बाळंत झालेली बाई हे खरंच म्हणाली असेल का, याची शंका मी एकदा काढली होती. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

सरकारदरबारी मात्र मामा एक जानेवारी एकोणीसशे सदुसष्टला जन्मले होते. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तारीख. शाळा सहीपुरती अक्षरं शिकून सुटली, तारीख राहिली. त्या गावातली अर्धी माणसं एक जानेवारीला जन्मलेली आहेत. पुढे तीच तारीख आधार कार्डावर चढली. मामांनी ती ना सांगितली, ना खोडली.

जुने मालक थकले आणि त्यांनी जागा एका कंपनीला देऊन टाकली. कंपनी तिथे स्वतःची बिअर गाळणार होती. आता पुण्यात हे नवं नाही. कोरेगाव पार्क, बाणेर, खराडी, जिकडे बघावं तिकडे काचेआड तांब्याच्या टाक्या आणि टाक्यांपुढे फोटो काढणारी माणसं. पूर्वी माणूस बिअर प्यायचा आणि नंतर बडबडायचा. आता आधी बडबडतात. पेला नाकाशी धरून त्यात संत्र्याची साल, धणे, ओली माती वगैरे शोधतात. मला त्यातही एकदा काही आढळलं होतं. ती माशी होती.

कंपनीने जुन्यांपैकी एकट्या मामांना ठेवलं. मी खूश झालो. मामा आमच्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, “चार वर्सं पायजेत, मास्तर. पोरगी नर्सिंगला लागली. तिचं पुरं झालं की मग मी बसतो माठापाशी.”

कंपनीत अठ्ठावन्नाला निवृत्ती होती. कार्डाप्रमाणे मामा बावन्न वर्षांचे होते. खरे अठ्ठावन्नला टेकले होते. हे तीन माणसांना ठाऊक होतं: मामांना, भाईंना आणि मला.

मग एक दिवस कंपनीची मॅनेजर मला भेटायला नारायण पेठेत घरी आली. तिशीची, हुशार, अकोल्याकडची मुलगी. तिला कुणी तरी सांगितलं होतं की मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो आणि जागेची माहिती मला जितकी आहे तितकी कुणाला नाही.

“सर, आम्हाला ना, या जागेची स्टोरी पाहिजे. एकदम ऑथेंटिक. वॉलवर येईल, मेनूवर येईल. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?”

समारंभ, सत्कार, शाल-नारळ या प्रकारांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. पण ‘तुमच्याशिवाय कोण’ या शब्दांत काय असतं ते त्या दिवशी कळलं. मी चहा टाकायला सांगितला आणि हो म्हणालो.

आठवडाभर मी त्या दीडशे शब्दांवर बसलो. माठ लिहिला, बाक लिहिला, गूळ लिहिला. मानेवरचा हात लिहिला. आणि दुसऱ्याच वाक्यात, कारण इतिहासाच्या माणसाला आरंभ नेमका लागतो, लिहिलं: ‘पानशेतच्या पुरात जन्मलेले मामा’.

तिने मजकूर वाचला. तिला फार आवडला. मग म्हणाली, “सर, पानशेत म्हणजे ते ना, वीकेंडला जातात ते?”

इथे मी गप्प बसलो असतो तर ही हकिगत झाली नसती. ती हो म्हणून पुढे गेली असती आणि भिंतीवरचं पानशेत सहलीचं ठिकाण म्हणून सुखाने नांदलं असतं. पण पानशेत म्हणजे वीकेंड, हे नारायण पेठेत, माझ्या घरात, माझ्या चहाचा कप हातात धरून? सात वर्षांचा असताना मी त्या पाण्यातून वडिलांच्या खांद्यावर बसून बाहेर निघालो आहे. पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं होतं ती पायरी मी तिला खाली नेऊन दाखवली. धरण सकाळी फुटलं, मग खडकवासलं गेलं, मग पूल गेले. तारीख बारा जुलै, साल एकोणीसशे एकसष्ट. मी हे वीस मिनिटं सांगत होतो. ती फोनवर टिपून घेत होती. शेवटी म्हणाली, “सर, म्हणजे मजकुरात इअर टाकू? बाहेरच्यांना संदर्भ लागेल.”

“टाकाच,” मी म्हणालो. “आणि महिनाही टाका. लोक फार ढिले लिहितात.”

उद्घाटन दुपारी होतं. माझं नाव कार्यक्रमात होतं, मला पुढची खुर्ची होती. माठ गेला होता; त्या जागी एका पिंपात कसलंसं पाम लावलं होतं. बाक गेलं होतं. भिंतीवर फेटेवाले मामा आणि भिंतीखाली खरे मामा, काळ्या टीशर्टमध्ये. टीशर्टवर पांढऱ्या अक्षरांत ‘घाम वाळू दे’. टीशर्ट विकायलाही ठेवले होते.

लाकडी फळीवर चार छोटे पेले ठेवून देतात, तशी फळी माझ्यापुढे आली. त्यातल्या काळ्या बिअरचं नाव ‘हमाल’. ती गाळणारा मुलगा येऊन उभा राहिला. पंचविशीचा, हाताला भाजल्याचे डाग, बोलायला लाजणारा. म्हणाला, तुमचा मजकूर वाचून यात गूळ घातला, मामांच्या पुरंदरचाच घातला. मी प्यायलो. उत्तम होती. हे मी लिहिलं नाही तर खोटेपणा होईल. त्या सगळ्या जागेत आपलं काम जाणणारी दोनच माणसं होती, तो आणि मामा. आणि त्या दोघांनाही बाकीच्यांनी शोभेला उभं केलं होतं.

त्याच वेळी दाराशी आवाज झाला. यार्डातला एक जुना मुकादम, मामांचं पस्तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, मामांचं चित्र काढलंय म्हणून बघायला आला होता. रखवालदाराने त्याला अडवलं होतं.

“सपाता चालणार नाहीत, काका. बूट पाहिजेत.”

“अरे, मला काही प्यायचं न्हाई. भिंत बघून जातो.”

“बूट घालून या ना, मग बघा.”

मुकादमाने दारातूनच मान लांब करून भिंतीकडे पाहिलं. ओरडला, “मामा! फेटा कुनाच्या लग्नाचा रं?” आणि हसत गेला. तो हसत गेला म्हणून आत सगळ्यांना हायसं वाटलं. ‘हमाल’ नावाची बिअर पीत बसलेल्या माणसांनी दारातल्या हमालाला बूट विचारले, हे तिथे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मीही उठून दाराशी गेलो नाही. माझ्या मांडीवर शाल होती.

नंतर एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत भिंतीचा फोटो आला, माझ्या मजकुरासकट. महिन्याभराने मामा माझ्या घरी आले. यापूर्वी कधी आले नव्हते. पायरीवरच बसले, आत येईनात. हातात इंग्रजीतलं पत्र होतं. मी वाचलं. पत्र सभ्य होतं. कंपनीकडच्या कागदाप्रमाणे आपला जन्म सदुसष्टचा असून, कंपनीच्याच प्रसिद्ध मजकुराप्रमाणे तो एकसष्टचा आहे. तरी याचा खुलासा करावा, अन्यथा नियमानुसार आपल्याला या महिनाअखेर निवृत्त करण्यात येईल.

“काय म्हनतंय?” मामांनी विचारलं.

मी सांगितलं. मामा पायरीकडे बघत राहिले. पाणी चढलं होतं तीच पायरी.

“तुमी साल बी लिवलंय?” ते म्हणाले.

“हो.”

“मला वाटलं, पूर लिवलाय नुसता.”

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी मी भाईंच्या दुकानात गेलो. ते एका तराजूचा दांडा सरळ करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दांडा खाली ठेवला.

“सर, तुम्ही पूर सांगितलात, ठीक. साल सांगितलंत?”

“ती पानशेतला वीकेंड म्हणाली हो, भाई.”

“म्हणू द्यायचं होतं! पानशेत तुमच्या तीर्थरूपांचं होतं का? आमच्या तर दोन खोल्या गेल्या त्यात, मी काय रस्त्यात माणसं अडवून सांगतो?” ते कधी आवाज चढवत नसत. “तुम्हा पेठेतल्या लोकांना गळ्याला सुरी लावली तरी चुकीचं साल ऐकवत नाही. एका माणसाचं पोट आहे त्यावर, आणि तुम्ही महिना पण टाका म्हणालात!”

मी महिन्याचं त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी भिंत वाचली होती.

त्या रात्रभर विचार करून मी एक गोष्ट केली, जी मी आयुष्यात केली नव्हती. मी चुकलो असं लेखी दिलं. पाठ्यपुस्तकातल्या सनावळ्या दुरुस्त करून मुलांना लिहून देणाऱ्या मी कंपनीला लिहिलं की उपरोक्त मजकुरात माझ्याकडून गंभीर स्मृतिदोष झाला आहे. मामांचा जन्म पानशेतच्या पुरात नव्हे, कोयनेच्या भूकंपाच्या साली झाला. भूकंप सदुसष्टचा. कार्डाचं साल जुळत होतं. खोटं लिहिताना सुद्धा मी साल तपासून घेतलं. ही खोड जाता जात नाही.

चार दिवसांनी मॅनेजरने दुपारी बाराला बोलावलं, मला आणि मामांना. ऑक्टोबरचं कडक ऊन होतं. स्वारगेटला एकही रिक्षावाला चढावर यायला तयार नव्हता, त्यामुळे मी चालत गेलो. पासष्टाव्या वर्षी तो चढ पूर्वीसारखा राहिलेला नाही. शर्ट पाठीला चिकटला होता, मानेवरून पाणी कॉलरमध्ये उतरत होतं. जागा अजून उघडायची होती. ती मुलगी एका टेबलाशी कागद घेऊन बसली होती. बिअर गाळणारा तो मुलगा टाकीपाशी काही तरी धूत होता. मामा टीशर्टमध्ये उभे होते.

“बसा ना, मामा,” ती म्हणाली. मामा बसले नाहीत.

“सर, तुमचा मेल मी वर पाठवला. मी खूप बोलले त्यांच्याशी. ते म्हणाले, मामांनी स्वतः साइन केलं की विषय संपला. कार्ड एक म्हणतं आणि भिंत एक, तेवढंच आहे. भिंत आम्ही बदलून घेऊ.” ती खरंच धडपडली होती. तिचा राग करता येत नव्हता, आणि त्याचाही मला राग आला.

कागद इंग्रजीत होता. मी मामांना मराठीत सांगितला. मी अमुक अमुक, माझा जन्म भूकंपाच्या साली झाला, पुराची हकिगत चुकीची आहे.

“पूर चुकीचा?” मामांनी विचारलं.

“कागदापुरता.”

“आन मग चिखलानं भरून दारात आला तो कोन?”

मी म्हणालो, “मामा, सही करा. कार्डावर पण खोटीच तारीख आहे की.”

“ती गुर्जीनं टाकली. मी न्हाई सांगितली.” ते माझ्याकडे बघत होते. “मास्तर, माझा बाप मेला म्हनून रडत हुते लोकं, आन तो घाट चालून आला. आई मरस्तवर त्येच सांगत हुती. त्यो आलाच न्हाई, आसं मी लिवून देऊ?”

“पोरीची चार वर्षं आहेत, मामा.”

“हायती. बघू की. दुसरीकडं पेलं धुवीन.” त्यांनी कागद टेबलावर परत सरकवला. हळू सरकवला, काही सांडू नये तसा.

ती मुलगी उठली, आत गेली आणि चार पेल्यांची फळी घेऊन आली. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नसावं. “सर, तुम्ही तरी घ्या. किती गरम होतंय.” मलाही हाताला काही तरी हवंच होतं. मी काळ्या बिअरचा पेला उचलला.

मानेवर हात लागला. हाताची मागची बाजू.

मामांनी माझ्या हातातून पेला घेतला, फळीवर ठेवला आणि फळी लांब केली.

“वाळू दे, मास्तर.”

बाक नव्हतं. त्यांनी एक रिकामा क्रेट उलटा करून पामच्या पिंपाशेजारी ठेवला आणि मला त्यावर बसवलं. आतून दोन पेले पाणी आणलं. मग टाकीपाशी जाऊन त्या मुलाच्या पोत्यातून गुळाचा खडा उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. मी पाणी प्यायलो. गूळ तोंडात टाकला. भिंतीवरचे मामा डोक्यावर होते, त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं. दहाएक मिनिटं गेली असतील. त्या दहा मिनिटांत तिथे कुणीही कुणाला काही विकलं नाही.

मग त्या मुलीचा आवाज आला. तिचे डोळे भरले होते आणि हातात फोन होता.

“मामा, सॉरी, पण ते एकदा परत कराल का? मानेला हात लावलात ते? फार सुंदर होतं. आपल्याकडे राहील आठवण म्हणून.”

मामांनी माझ्या मानेला हात लावून पाहिला.

“आता वाळला,” ते म्हणाले, आणि पेला माझ्यापुढे ठेवला.

टीशर्ट त्यांनी तिथेच डोक्यावरून काढला, घडी केली आणि फळीशेजारी ठेवला. बूट कंपनीचे होते, तेही काढून जोडीने टेबलाखाली लावले. फ्रिजच्या मागे हात घालून आपल्या सपाता ओढल्या, बनियनवर नॅपकिन टाकला आणि पुढच्या दाराने निघाले. रखवालदाराने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि दार उघडून धरलं. सपातांची बंदी आत येणाऱ्यांना आहे.